सव्वा ब्रास वाळू

साल २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पुढं पन्नास वर्षं हातात थापी. किती घरं बांधली ते मोजलं नाही, पण माझ्या अंदाजानं मागवलेला माल कधी कमी पडला नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो.

त्या वर्षी आणे गावात माझ्या बहिणीच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा होता. वीस वर्षं गळक्या पत्र्याखाली काढली तिनं. एवढंच म्हणाली, "दादा, गळू नये बघ."

"मी टाकलेला स्लॅब गळतोय व्हय गं?"

स्लॅब एका दमात पडावा लागतो. मधे थांबलं की जोड राहतो, आणि पाणी बरोबर तिथूनच वाट काढतं.

नदीची वाळू आता दिसत नाही. क्रशरवर दगड भरडून निघतं त्याला वाळू म्हणायचं. शी! मुठीत धरली की राखाडी चिखल बोटांना चिकटतो. धुऊन पाठवतात, म्हणून ओलसर. मला तर हात लावायचीही किळस येते. पण घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

मी खोल्यांतून पावलं टाकून माप घेतलं आणि सांगितलं, सव्वा ब्रास, म्हणजे सव्वाशे घनफूट वाळू. बहिणीची नात अवसरीच्या कॉलेजात बांधकामाचं शिकते. ती मोबाइलवर बोटं नाचवत म्हणाली, "आजोबा, दीड सांगा. ओली वाळू फुगते."

"वाळू काय भाकरी हाय फुगायला? पाण्यानं वाळू दबती, पोरी."

"पुरती बुडवली तर दबते. नुसती ओलसर असली की फुगते. डब्यात भरून दाखवू?"

"तुझ्या मास्तरला दाखव जा."

गडी खो खो हसले. मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मिक्सर सुरू झाला. गोणीमागं ठरलेली घमेली पडत होती, तरी माल खडखडीत, खडी उघडी पडलेली. म्हणून मी दर खेपेला वाळूचं एक घमेलं वाढवायला लावलं. दुपारी तीनला वाळू संपली. आठ गोण्या सिमेंट शिल्लक, खडीचा ढीग शिल्लक, आणि स्वयंपाकघराच्या वर पाच फूट सळ्या उघड्या.

वाळू आणून टाकणाऱ्या टेम्पोवाल्याला फोन लावला. "चोरा, वाळू कमी टाकलीस!"

"बाबा, तुमीच वर चढून काठीनं मापली की."

"आत्ताच्या आत्ता आण."

"आज बेल्ह्याचा बाजार हाय, राव. टेम्पोत बैलं भरल्यात. सकाळी येतो."

बाकीचे टेम्पोही बाजारातच अडकलेले. चार वाजेपर्यंत पडलेला माल घट्ट होत गेला आणि जोड राहिलाच.

स्लॅब झाला की गड्यांना गोड जेवण घालायची रीत. जिलेबी आधीच आणून ठेवलेली. पाच फूट आभाळ उघडं ठेवून ते खाली पंगतीला बसले, पाक बोटांनी चाटू लागले. एक म्हणाला, "बाबा, उद्या परत जिलेबी का?" मला सगळ्याचीच चीड आली. टेम्पोवाल्याची चीड, त्या चिखलाची चीड, चाटणाऱ्या बोटांची चीड. वाढता वाढता बहीण सारखी वर बघत होती. मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेम्पो आला. मी बहिणीकडून तेलाचा रिकामा डबा मागून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "थांब, वाळू फुगत न्हाय, तुझी चोरी इथंच दावतो." डबा वाळूनं काठोकाठ भरला. नात बाजूला उभी राहून बघत होती. वाळू पुरती बुडेपर्यंत मीच पाणी ओतलं. वाळू खाली गेली. काठापासून चार बोटं गेली.

मी परत एकदा भरून बघितलं. परत चार बोटं.

बहीण दारात उभी होती. तिच्यादेखत मी टेम्पोवाल्याला म्हणालो, "तुझं माप पुरं व्हतं. अंदाज माझा चुकला." ते शब्द तोंडातून काढताना कालची वाळू दातांत करकरल्यासारखी वाटली. घमेली मोजायचं काम नातीकडं दिलं, आणि छन्नी-हातोडा घेऊन शिडीनं वर चढलो. जोडाची सगळी कड खरडून खडबडीत केली, धुतली, तिच्यावर सिमेंटचा दाट घोळ फासला आणि खाली हाक मारली, "पोरी, सोड आता माल!"