गप्प म्हणजे मंजूर

माझी थोरली बहीण प्रश्न विचारते आणि समोरचा उत्तर देईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नाही. या सवयीनं घरात आम्ही जेरीस आलो आहोत. "भाजीत मीठ कमी पडलं का गं?" असं विचारून ती माझ्याकडे बघत राहते, आणि घास गिळेपर्यंत माझी तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटतं. भावजी तर म्हणतात, "हिनं लग्नाचं विचारलं आणि अशीच बघत बसली. मी घाबरून हो म्हणून टाकलं."

सवय लागली शाळेत. ताई लहान मुलांना शिकवायची. बाकीचे शिक्षक पहिल्या बाकावरचा हात वर आला की पुढे सरकत. ताई खडू खाली ठेवायची, हात मागे बांधायची आणि थांबायची. हुशार मुलं कुरकुरायची, बाकं वाजायची, मग मागून कुठूनतरी बारीक आवाजात उत्तर यायचं. मुख्याध्यापक वैतागायचे. "बाई, तुमचा अभ्यासक्रम संपणार कधी?"

"संपेल की," ताई म्हणायची. संपायचाही, पण सगळ्या शाळेच्या मागून.

शाळा सुटल्यावर वाचताना अडखळणाऱ्या मुलांचा ती वेगळा वर्ग घेऊ लागली. एका कारखानदारानं शिक्षणासाठी संस्था काढली होती, तिनं या वर्गाला मदत केली. मग तसेच वर्ग इतर शाळांत निघाले आणि शेवटी त्या संस्थेनं कारभार बघायला ताईलाच बोलावून घेतलं. केबिन मिळाली, फिरती खुर्ची मिळाली. तिच्या बोटांना खडू लागलेला नाही हे पाहून मला उगाचच वाईट वाटलं. देणगीदारांशी बोलण्यात ती छान रुळली, पण सवय काही सुटली नाही.

आणि तिथंच ती तोंडघशी पडली. कारखानदारांच्या मागे त्यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले. माणूस भला, पण सदा घोड्यावर बसलेला. बैठकीत ते म्हणाले, हे वाचनवर्ग फार हळू चालतात, बंद करू आणि शाळांना टॅब देऊ. ताईनं विचारलं, "मग या मुलांनी जायचं कुठं?" आणि उत्तराची वाट बघत बसली. टेबलाभोवती सगळे गप्प. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "कुणाची हरकत नाही ना? मंजूर." लगेच पुढचा विषय निघाला.

हे सांगताना ताई रडली. मला तिचाच राग आला.

"तोंड नव्हतं का तुला? तो काय वर्ग होता?"

"मला वाटलं, ते विचार करतायत."

यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

तिनं अध्यक्षांकडे एवढंच मागितलं, की बंद करण्याआधी एकदा वर्ग बघा. ते आले. गाडी मी चालवली, म्हणून मलाही आत बसायला मिळालं. ताईची जुनीच शाळा, जुनीच खोली. अध्यक्ष गुडघे पोटाशी घेऊन बुटक्या बाकावर बसले आणि शेजारच्या मुलीला पुस्तकातलं चित्र दाखवून म्हणाले, "खाली काय लिहिलंय, बाळ?"

तिनं अक्षरावर बोट ठेवलं.

"बकरी छप..." अध्यक्षांनीच वाचायला घेतलं.

"थांबा," ताई म्हणाली.

सगळे थांबलो. वरचा पंखा कुरकुरत होता. अध्यक्षांचा हात खिशातल्या फोनकडे गेला आणि तसाच मागे आला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मीच उत्तर पुरवणार होते. जीभ दाताखाली धरली. मुलीचं बोट हळूहळू सरकत होतं.

"बकरी... छपरावर... चढली." मग तिनं मान वर केली. "का चढली?"

अध्यक्षांनी आशेनं ताईकडे पाहिलं. ताईनं हात मागे बांधले. मुलगीही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी आमच्या ताईसारखी. बिचारे बराच वेळ चित्र न्याहाळत बसले.

"नाही गं सुचत," ते शेवटी म्हणाले.

मुलीनं पान उलटलं आणि पुन्हा बोट टेकवलं. "खाली... कुत्रा... होता."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. परतताना गाडीत त्यांनी ताईला विचारलं, "त्या बकरीचं पुढं काय झालं हो?"

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "वाचनवर्ग चालू ठेवायचे का?" प्रत्येकाच्या तोंडून होय-नाही ऐकल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, असं ते ठरवूनच आले होते. तेवढी वेळ आली नाही. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत ताई "हो" म्हणाली होती.