माकलीतला उजेड

सुनेला पाचवा महिना होता आणि तिला माकल्यांचे डोहाळे लागले. ती समुद्राकाठची, लांब मिशांच्या त्या बुळबुळीत माकल्या खाऊन वाढलेली. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे मासा म्हणजे नदीतला, तोही कधीमधी. पण डोहाळे मारायचे नसतात. त्यात मागच्या खेपेला चौथ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी तिनं काहीही मागितलं असतं तरी मी पिशवी घेऊन निघाले असते.

रविवारी सकाळी ऐरोलीच्या बाजारातून ताज्या माकल्या आणल्या. कोळीण म्हणाली, "साफ करून देऊ काय?" आगाऊपणा माझा, म्हटलं, मी करते. घरी येऊन त्यांच्या शाईनं हात काळे करून घेतले. अर्ध्या माकल्या दुपारी झणझणीत केल्या, सून आपल्या हातानं वाढून घेऊन बोटं चाटत जेवली. उरलेल्या कच्च्या फ्रिजमध्ये ठेवायच्या तर देवाच्या दुधाला वास लागेल! म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून, झाकून, ओट्याखाली ठेवल्या. थंडीचे दिवस, टिकतील म्हटलं.

संध्याकाळी सातला लाइट गेली. चाचपडत पातेल्यावरचं झाकण काढलं आणि, अगं बाई गं! आत निळसर उजेड. बोट बुडवलं तर बोटही उजळलं. खाडीत कुणी केमिकल सोडलं असणार, आणि ते मी माझ्या हातानं पोरीच्या पोटात घातलं होतं.

बाहेर जाऊन सुनेला विचारलं, "पोटात दुखतंय का गं?"

"नाही."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. मग मळमळतंय का, गरगरतंय का. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागून स्वयंपाकघरात आली. पातेलं बघितलं आणि चक्क हसली.

"आई, जंतू आहेत हे! उजेडाचे."

रबाळ्याच्या एका लॅबमध्ये ती जंतूच तपासते. म्हणाली, काही माकल्यांच्या अंगात एक पिशवी असते, त्यात हे राहतात. माकली त्यांना खायला घालते, ते तिला उजेड देतात. त्या उजेडामुळे खालून बघणाऱ्या माशाला तिची सावली दिसत नाही. पिल्लू मात्र बिनउजेडाचं जन्मतं, जंतू समुद्रातून घेतं. मी साफ करताना पिशवी फोडली आणि वर मिठाचं पाणी दिलं. दिवसभर त्यांची चंगळ झाली.

"दुपारच्या ताज्या होत्या, नीट शिजल्या होत्या. मला काही होत नाही. या मात्र टाकून द्या."

मला तिचं पटत होतं, तरी मी ते उजळलेलं बोट पदराला पुसतच राहिले. अंधारातच मी बोलून गेले, "मागच्या वेळी मटण शिजेना म्हणून मी कच्ची पपई लावली होती गं. तुला सांगितलं नाही. माझ्यामुळेच गेलं ते."

ती म्हणाली, "चिमूटभर पपईनं काही होत नाही, आई. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, गर्भातच दोष होता." मग तिनं विचारलं, "म्हणून तेव्हापासून तुम्ही मला कधी हातानं वाढलं नाहीत?"

मी मान हलवली. पण अंधारात तिला काय दिसणार, म्हणून "हो" म्हटलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी ते टिकवू शकले नाही म्हणून तुम्ही माझ्यावर रागावलात."