लोणखेड्याच्या विहिरीचा रिपोर्ट

नथूदादा विहिरीतून वर आला आणि म्हणाला, आता विटांचं बांधकाम झाल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. त्या भागातल्या निम्म्या विहिरी त्यानं खणलेल्या. ही विहीर माझ्या काकांची, शहाद्याजवळच्या लोणखेड्यातली. दोन महायुद्धांच्या मधला काळ. मी ब्रह्मदेशातल्या एका शिशाच्या खाणीत मायनिंग इंजिनिअर, रजेवर घरी आलो होतो. आठवड्यानं बोट होती आणि निघण्याआधी मला विहिरीचं पाणी पाहायचं होतं. विटा भट्टीतून निघायला पंधरा दिवस होते.

काकांनी निकाल माझ्यावर सोपवला. मी ऐटीत खाली उतरलो. खाणीत आम्ही साउंडिंग करतो, म्हणजे छताला पहार ठोकून आवाज ऐकतो. खणखणीत आला तर खडक पक्का, बद्द आला तर सुटलेला. विहिरीच्या भिंतीला मी चारी बाजूंनी पहार ठोकली. आवाज पक्का. वर येऊन सांगितलं, बांधकाम मागाहून करा, काही होत नाही.

"भाऊ, हाई माटी शे, खडक नई. पानी लागनं का बठी जाई," नथूदादा म्हणाला.

"भाऊ बर्मानी खाण चालावस. तू त्याले शिकाडी ऱ्हायना का?" काका हसत म्हणाले.

मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. नथूदादा कुदळ घेऊन खाली उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी लागलं. कोरडी असताना दगडासारखी वाजणारी ती पिवळी माती भिजली, पायथ्याशी सुटली आणि एक बाजू त्याच्या अंगावर आली. त्याला बाहेर काढेपर्यंत तो गेलेला होता.

गावानं मला बोल लावला नाही. बर्माचा इंजिनिअर चुकेल कसा? पाणी दिसताच नथूनं वर यायला हवं होतं, असं ठरून गेलं. मी निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुम्हीन सांगा. मन्हा धनीनी चूक व्हती का?"

चूक माझी होती. भिजल्यावर माती काय करील हे पहार सांगत नाही, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. पण शेजारी काका होते, चार माणसं ऐकत होती. मी म्हणालो, अपघातापुढे कोणाचं चालतं? आणि सामान बांधायला आत गेलो.

पुढे मलाया झालं, आफ्रिका झाली. कुठंही गेलो की आधी तिथल्या जुन्या खणणाऱ्याला विचारायचं, ही सवय मात्र लागली. अपघातांचे रिपोर्टही पुष्कळ लिहिले. त्यात चूक कोणाची, असा एक रकाना असतो. तो मी कधी कोरा सोडला नाही. लोणखेड्याचा रिपोर्ट कोणी मागितला नाही आणि मीही लिहिला नाही. तिथं ती चूक अजून नथूदादाच्याच नावावर आहे.