यात देवाचा हात नाही

बाइंडरकाकांचं देवाशी भांडण नव्हतं. जो नाहीच त्याच्याशी कोण भांडणार, असं ते म्हणत. त्यांचं भांडण होतं ते शब्दांशी. एकदा साक्षीला उभं राहायची वेळ आली, तेव्हा ईश्वराची शपथ न घेता "खरं सांगेन, एवढं पुरे," म्हणून ते अडून बसले होते. मुलीच्या शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात त्यांनी पट्टी लावून सरळ रेघ मारली होती. चाळीस वर्षं पुस्तकं शिवण्यात गेलेली. वाकडा टाका आणि खोटा शब्द त्यांना सारखेच खुपत.

काकूंचं उलट. सकाळी कोपऱ्यातल्या फळीपुढे हात जोडल्याशिवाय त्या चहाला शिवत नसत. एकमेकांना सुधारायचा नाद दोघांनी लग्नानंतर वर्षभरातच सोडला होता, म्हणून पुढची चौतीस वर्षं बरी गेली.

मग ते वादळ आलं. भर दुपारी अर्ध्या तासात कारखान्यावरचे अकरा पत्रे उडाले. कटिंग मशीन भिजलं, वाचनालयाची शिवायला आलेली पुस्तकं फुगून पावासारखी झाली. काकांनी वर ताडपत्री ओढली, पण ताडपत्रीखाली खळ वाळत नाही आणि पुठ्ठा सादळतो. विम्यातून छप्पर लवकर झालं नाही, तर वाचनालय उरलेलं काम दुसऱ्या बाइंडरकडे देणार, हे उघड होतं. आणि ते काम गेलं की कारखाना गेल्यातच जमा. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

विमा एजंट अर्ज घेऊन आला. नुकसानीच्या कारणापुढे चार चौकटी होत्या: आग, चोरी, दंगल, दैवी आपत्ती.

"चौथीवर खूण करा, काका, आणि खाली सही."

काकांनी चष्मा लावला, 'दैवी' या शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'हवामानाची' असं लिहिलं. दोन दिवसांनी अर्ज परत आला. खाडाखोड चालणार नाही, नवा भरून द्या.

"तिथे बसलेल्यांना देव दिसत नाही हो, चौकट दिसते," एजंट म्हणाला. "छापील शब्द आहे, सोडून द्या."

"छापील आहे म्हणूनच सोडवत नाही. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो."

"तुमचे पत्रेही वाऱ्यावरच गेले."

तो नवा कोरा अर्ज टेबलावर ठेवून गेला.

गुरुवारी सकाळी ते मशीनचं पातं पुसायला गेले. आदल्या दिवशी काढलेला गंज पुन्हा धरला होता. त्यांनी वाचनालयाचं एक पुस्तक उघडलं. शिवण जागेवर होती, कागद मात्र हाताला लागून सुटत होता. आपली शिवण टिकली याचं समाधान वाटावं, तर तेही वाटेना. तत्त्वाला छप्पर लागत नाही, पुस्तकांना लागतं, असं स्वतःशी म्हणत त्यांनी नव्या अर्जावर चौथ्या चौकटीत खूण केली आणि सही करून टाकली. अर्ज घेऊन ते घरी आले.

कारखाना दोघांच्या नावावर होता, त्यामुळे काकूंचीही सही हवी होती. त्यांनी ओले हात पुसले, अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मी नाही करणार."

"अगं, मी केली आणि तू नाही म्हणतेस?"

"तुमचं काय जातंय? तुमचा तो कोणीच नाही. माझ्या देवाने माझेच पत्रे उडवले, असं मी लिहून देऊ? उद्या सकाळी त्याच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?"

काका बघतच राहिले. या शब्दाची अडचण आपल्यालाच काय ती, असं ते आजवर धरून चालले होते.

"मग कोणी उडवले?"

"वाऱ्याने. शेंबड्या पोरालाही कळेल."

अर्जाच्या तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. काकूंनी पेन उचललं आणि लिहिलं: 'वादळाने पत्रे उडाले. यात देवाचा काही हात नाही.' मग अर्ज काकांकडे सरकवला.

काकांनी ते दोनदा वाचलं. एकही शब्द बदलावासा वाटला नाही. त्याखाली काकूंनी सही केली आणि काकांनी पुन्हा एकदा.

शुक्रवारी दोघंही विमा कचेरीत गेले. दावे तपासणाऱ्या बाईंनी अर्ज वरून खाली वाचला, पुन्हा खालून वर वाचला.

"वर दैवी आपत्ती म्हणता, खाली देवाचा हात नाही म्हणता. असा अर्ज पुढे अडेल. शेरा खोडून टाका."

"खाडाखोड चालत नाही," काका म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण अर्ज टेबलावरच राहिला. "पॉलिसी आणलीये का?"

काकांनी पिशवीतून पुस्तिका काढली आणि ते जरा ओशाळले. पुस्तिका आली त्याच दिवशी तिच्या वाकड्या पिना पाहून, नीट शिवून मग वाचू, असं म्हणत त्यांनी ती बाजूला ठेवली होती. तीन वर्षं ती तशीच राहिली. शेवटची दोन पानं एकाच पिनेत अडकली होती. काकांनी नखाने पिन उचकटून ती सोडवली. आत शब्दांचे अर्थ दिले होते. बाईंनी एका ओळीवर बोट ठेवून वाचलं, "दैवी आपत्ती म्हणजे वादळ, पूर, भूकंप आणि वीज पडणे."

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच. देवाचं नाव कुठे नाही."

"मी काय वेगळं लिहिलंय?" काकू म्हणाल्या.

बाईंनी ती ओळ आणि शेरा पुन्हा ताडून पाहिला. मग शेऱ्याशेजारी त्यांनी लिहिलं, 'व्याख्येस बाधा नाही', आणि शिक्का मारला.

दोघं बाहेर पडले. कोपऱ्यावर काका म्हणाले, "सही एकाच वाक्याखाली केली खरी."

"तुम्ही कशासाठी केलीत ते मला माहीत आहे," काकू म्हणाल्या.

"आणि तू कशासाठी, ते मला."

"मग झालं तर."

महिन्याभरात नवे पत्रे चढले. वाचनालयाची पुस्तकं अजून दोरीवर वाळत होती. काका शिडीवर चढून एकेक बोल्ट आवळत होते, काकू खाली शिडी धरून उभ्या होत्या.

"पुन्हा वादळ आलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर वादळ आलं, असंच लिहू," काका वरून म्हणाले. "मोठ्या नंबरचा पाना दे."