सतरा नंबरचा दस्ता

लकडगंजात आमची लाकूड चिरायची आरामशीन. साग आणि बीजा नुसत्या वासावरून ओळखणारी मी मुलगी, त्यामुळे रायफल क्लबात गेले तेव्हा नळीच्या आधी लाकडाकडेच बघितलं. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. क्लबाकडे फौजेनं काढून टाकलेल्या जुन्या रायफली होत्या, सरावासाठी आत बारीक नळी बसवलेल्या. त्या सांभाळायला कुहीकडचे एक निवृत्त फौजी होते. आम्ही मुली त्यांना काका म्हणायचो.

मला लाकूड कळतं म्हटल्यावर काका खूश.

"हे अक्रोड आहे पोरी. इथं अंगठा फिरव. लागलं का काही?"

दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडावर, ठसा होता. इवलासा मुकुट, खाली एक इंग्रजी अक्षर. तो विलायती कारखान्याचा. देशी कारखान्याचा ठसा चांदणीचा. तेल पिऊन आणि हात लागून लागून ठसे बुजलेले असायचे, डोळ्यांना दिसायचे नाहीत. नळीखालच्या लांब लाकडावरही असाच एक ठसा असे.

"दोन्ही ठसे एक, तं जोडी फुटली नाही समजाचं. एकच पाह्यला तं फसशीन," काका म्हणायचे.

माझी सतरा नंबरची रायफल मागून-पुढून मुकुटाची होती. काय मारायची ती! काकांची मुलगीही आमच्यातच होती, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिची बावीस नंबरची, दोन्हीकडे चांदणी, पण नळी पार झिजलेली. पोर जीव तोडून मारायची आणि गोळ्या भलतीकडेच जायच्या. मलाच वाईट वाटायचं.

राज्याच्या संघात मुलींची एक जागा होती. घरी बाबांनी सांगून टाकलेलं, "निवड झाली तर दिल्लीला जा. नाही तर या बंदुका-फिंदुका बंद. मुकाट्यानं बी.एड. कर." आणि मला तर दुसरं काहीच करायचं नव्हतं.

निवडीच्या सकाळी काकांनी सतरा नंबर माझ्या हातात दिली. मी सवयीनं दस्त्यावर अंगठा फिरवला. मुकुट लागला. माझीच, म्हटलं, आणि नेम धरायला आडवी झाले.

गोळ्या फुटाणे उधळावेत तशा पसरल्या. एक वर, एक डावीकडे, एक तर कागदाच्या पार काठाला. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. घाबरट! ऐन वेळी हात कापतो तुझा! काकांच्या मुलीनं मात्र सगळ्या गोळ्या मधोमध लावल्या. जागा तिची झाली. ती धावत माझ्याकडे आली, "ताई, आज काहून हुकली वं तू?" तिला खरंच काही ठाऊक नव्हतं.

नंतर रायफल साफ करायला उलटी धरली. पुढच्या लाकडावर अंगठा गेला. तिथे चांदणी होती.

पुन्हा फिरवला. चांदणीच. शेजारी तिची बावीस नंबर पडलेली, ती उलटून पाहिली. दस्त्याला चांदणी, पुढे मुकुट. दस्ता एका लांब स्क्रूवर असतो, पेचकस असला की दहा मिनिटांचं काम. नंबर रंगवलेला असतो तोही दस्त्यावरच. माझा नंबर माझ्याकडे ठेवून माझी नळी तिच्याकडे गेली होती. आणि रायफलींच्या खोलीची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असायची.

मला रडू आलं नाही, संताप आला. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं. ज्यानं माझं बोट धरून त्या खुणा दाखवल्या, त्यानं हे करावं?

दोन्ही रायफली उचलून मी तडक क्लबाच्या सेक्रेटरींकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी लाकूड उलटसुलट करून पाहिलं, उन्हात धरलं, नखानं खरवडलं, मी सांगितलं तसा अंगठाही फिरवला.

"मला तर काहीच कळत नाही," ते म्हणाले. "हे ओळखणारं आपल्याकडे एकच माणूस आहे. बोलवा काकांना."

काका आले. चष्मा लावला. माझ्या देखत दस्त्यावर अंगठा फिरवला, मग पुढच्या लाकडावर. चांदणीवर अंगठा थांबला, मी पाहिलं. माझ्याकडे बघा काका, मी मनात म्हणत होते. एकदा बघा.

"मुकुटच आहे साहेब, दोन्हीकडं," ते म्हणाले. "जोडी फुटली नाही. पोरगी हरली न, म्हणून तसं म्हणून राहिली."

सेक्रेटरी हसले. हारजीत चालायचीच, म्हणाले. रायफली जमा करायच्या होत्या. काकांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं, आणि मी सतरा नंबरपुढे सही केली.