सिस्टरबाईंच्या अर्जातले एक वाक्य
स्पिरिटचा वास नाकात शिरला की हिंगोलीच्या कचेरीसमोरचे माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आणि त्यापुढे बसलेल्या सिस्टरबाई मला आजही आठवतात. निवृत्त होऊनही त्यांच्या पदराला तोच वास येत असे, कारण साखऱ्याकडच्या त्यांच्या गावातील उपकेंद्रात त्यांच्या जागी कोणीच आले नव्हते आणि प्रत्येक बाळंतपणाला त्याच विनावेतन धावत होत्या. नवी परिचारिका मिळावी, एवढाच अर्ज त्यांना हवा होता. "माझं नाव घालू नका, भाऊ. बायांची तकलीफ तेवढी लिहा," त्या म्हणाल्या. परंतु अर्जाला वजन कसे आणावे, हे मला शिकवण्याची गरज नव्हती. 'सदर निवृत्त परिचारिका आजही गावास अखंड सेवा देत आहेत,' असे वाक्य मी आदरपूर्वक जोडले. दोन महिन्यांनी उत्तर आले की, गावात अनुभवी परिचारिका उपलब्ध असल्याने तूर्त नेमणुकीची आवश्यकता नाही. बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. "लय वजनदार लिहिलं, भाऊ. आता मला आजारी पडायची बी सोय न्हाई राहिली," असे म्हणून त्या हसल्या. पुढे ते वाक्य वगळून मी तीन अर्ज केले, आणि तिन्ही वेळा पहिल्या अर्जाचा हवाला देऊन तेच उत्तर परत आले. शेवटी मंजूर झालेल्या अर्जाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. तिला एकच कागद जोडलेला आहे, बाईंच्या मृत्यूचा दाखला.