शुद्ध मराठी बोलणारा नकाशा आणि पिंपळटोल्याची भाऊबीज

या वर्षी भाऊबीजेला आपल्याच मोटारीने पिंपळटोल्याला जावे, असे मी दिवाळीपूर्वीच ठरवले. पिंपळटोला हे देवरी आणि आमगाव यांच्या दरम्यान वसलेले माझ्या थोरल्या बहिणीचे गाव. तिला आम्ही सारे बाई म्हणतो. आजवर आम्ही उभयता भिलाईच्या पावर हाउस स्थानकावर रेल्वेत बसून आमगावला उतरत असू आणि भाचा स्थानकावर घ्यायला येत असे. भाचा आता नोकरीनिमित्त पुण्याला असतो. त्याची पत्नी रेखा गावीच, बाईजवळ राहते. म्हणून मोटार, आणि म्हणून हा नकाशा-सॉफ्टवेअर निवडण्याचा खटाटोप. रस्ता माणसांना विचारत जाणे मला मान्य नाही. 'बस, सामनेच आहे' या उत्तराने मी आयुष्यात पुष्कळ फिरलो आहे.

वेळेवर पोहोचणे मात्र अत्यावश्यक होते. भाऊ आल्याशिवाय बाई अन्नाला शिवत नाही. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि मधुमेही आहे. गेल्या भाऊबीजेला आमची गाडी रखडली आणि ती चक्कर येऊन अंगणात बसली. "मामाजी, अकराच्या आत या, नाहीतर त्यांची शुगर उतरते," असे रेखाने फोनवर बजावले होते. 'तू जेवून घे' असे बाईला सांगून पाहावे, तर तिचे ठरलेले उत्तर असे, "तू ये आधी."

मी तीन सॉफ्टवेअर फोनवर घेतली आणि आमचे वैशाली नगर ते पावर हाउस या मार्गावर त्यांची रीतसर परीक्षा घेतली. पहिले जगप्रसिद्ध. त्याने मला सुपेल्याच्या भर बाजारात घातले. तेथे एक बैल रस्त्याच्या मधोमध बसला होता आणि 'मार्ग मोकळा आहे' असे त्या विद्वानाचे मत होते. दुसरे इंटरनेटशिवाय चालते, अशी त्याची ख्याती. परंतु त्याला आमची वसाहतच ठाऊक नव्हती, म्हणून आमचे घर त्याने मोकळ्या मैदानात उभे केले. तिसरे प्रत्येक गतिरोधकाची पूर्वसूचना देत होते. आमच्या गल्ल्यांत गतिरोधकांची जी समृद्धी आहे, तिच्यामुळे त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही उसंत मिळेना.

तरीही मी तिसरेच निवडले. कारण त्यातील निवेदिका 'पुढील चौकात उजवीकडे वळावे' असे स्वच्छ, सुघटित मराठी बोलत होती. पहिल्याचे मराठी इतके अशुद्ध होते, की त्याने सांगितलेला रस्ता शुद्ध असेल यावर माझा विश्वास बसेना.

सौभाग्यवती कमलने हे सारे पाहून एवढेच म्हटले, "रस्ता सांगाले ठेवून राहिले का ह्या फोनातल्या बाईले, का निबंध लिहाले?"

भाऊबीजेच्या सकाळी सातला आम्ही निघालो. प्रवास करू इच्छिणाऱ्यांसाठी सांगतो. नेहरूनगर चौकातून दुर्गचा वळणरस्ता धरावा. शहरात शिरू नये. राजनांदगावपर्यंत महामार्ग उत्तम आहे. पथकराचे पैसे फास्टॅगमधून जातात, तेव्हा निघण्यापूर्वी त्यात शिल्लक आहे ना ते पाहावे. राजनांदगावच्या उड्डाणपुलाजवळ आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटेवडा, टमाट्याच्या तिखट चटणीबरोबर मिळतो. तीस रुपयांत दोघांचा नाश्ता झाला. मी एक जास्त खाल्ला, हे कमलच्या लक्षात आले.

चिचोला मागे पडल्यावर तिसऱ्या सॉफ्टवेअरने आज्ञा केली, "पुढे उजवीकडे वळावे. वेळेची बचत होईल."

"हायवे सोडू नका," कमल म्हणाली. "बाघनदीवरूनच जाऊ."

"वेळ वाचतो आहे."

"तिचं ऐकता, माह्यं कावून नाही ऐकत?"

मी उजवीकडे वळलो. रस्ता प्रथम डांबरी होता, पुढे सिमेंटचा झाला, पुढे गावाच्या तळ्याला लागून निघाला आणि तेथे संपूर्ण रस्त्यावर धान वाळत घातलेले होते. या दिवसांत या भागात रस्ता हेच खळे असते, ही गोष्ट उपग्रहाला कोणी कळवलेली नाही. काठी घेऊन कोंबड्या हाकणारा एक गृहस्थ मोटारीजवळ येऊन छत्तीसगढीत म्हणाला,

"गाड़ी नइ जावय, बबा. धान सुखात हे."

"नक्शे में तो रास्ता है," मी फोन दाखवला.

तो फोनकडे न पाहता हसला. "सब झन ला इही कोती भेजथे. काली घलो एक ठन कार आय रिहिस." म्हणजे फोन सगळ्यांनाच इकडे धाडतो आणि आदल्या दिवशीही एक मोटार याच मार्गाने येऊन फसली होती. माझ्याइतकाच भाषाप्रेमी कोणी असावा.

तळ्याच्या काठावर मोटार उभी करून मी फोन लावू लागलो, तर सिग्नल नाही. घड्याळात साडेदहा वाजले होते. बाई उंबरठ्यावर रिकाम्या पोटी बसलेली मला दिसू लागली. त्या अवस्थेतही तिसरे सॉफ्टवेअर संयमाने सांगत होते, "सरळ पुढे जावे." कमल उतरली, त्या गृहस्थाशी बोलली आणि परत येऊन म्हणाली, "माघारी फिरा. हायवेवर पोचेपर्यंत तिले तोंड उघडू देऊ नका." मी फोन बंद करून तिच्या स्वाधीन केला.

पिंपळटोल्याला पोहोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. मी जवळजवळ धावतच अंगणात गेलो. बाई खाटेवर बसून सुपारी कातरत होती. बाजूला उष्टे ताट होते.

"बाई, तू जेवलीस?"

"हो. भाकर अन् वांग्याची भाजी खाल्ली. कावून, तुह्यासाठी मरू का?"

रेखा तोंडाला पदर लावून हसत होती. तिच्या हातात फोन होता. कमलने निघतानाच आपल्या फोनवरील पहिल्या, त्या अशुद्ध मराठीच्या सॉफ्टवेअरमधून आमचे ठिकाण रेखाला दिसेल अशी सोय केली होती. आमचा निळा ठिपका सकाळपासून सारे घर पाहत होते.

"तळ्यापाशी गेला अन् गपच झाला," बाई म्हणाली. "रेखा म्हणे, मामाजी बुडले. मंग दिसला, तं हायवेवर. म्या म्हटलं, कमलनं कान धरला वाटते. तवा जेवली."

"पण तुझा तर नेम आहे ना, ओवाळल्याशिवाय..."

"कायचा नेम? तू कुठं हायेस ते ठाऊक नसे, तं घास उतरत नव्हता. आज दिसून राहिला होता."

इतकी वर्षे मी त्या उपासाला व्रत समजत होतो आणि त्याबद्दल चार लोकांत अभिमानाने बोलतही होतो. तिने ओवाळले. मी मान खाली घालून बसलो.

भिलाईला परतल्यावर दुसरे आणि तिसरे सॉफ्टवेअर काढून टाकले. आता पहिलेच ठेवले आहे; बैल आणि अशुद्ध मराठी यांसह. वाचकांनी निवड करताना आवाजाला भुलू नये आणि वाटेत धान वाळत असेल तर वाद घालू नये. शेजारी बसलेल्या व्यक्तीचे काय करावे, हे ज्याने त्याने ठरवावे. मी ठरवले आहे. रेखाला ठिकाण दिसण्याची सोय आता माझ्याही फोनवर केली आहे, कारण बाईने तसे बजावले आहे. मध्यंतरी सर्दीमुळे दोन दिवस घरीच होतो, तर फोन आला, "ठिपका कावून हालून नाही राहिला?"

तिसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून मी सुपेल्यापर्यंत चालत गेलो. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच फोन वाजला.

"सुपेल्याले कावून गेल्ता?"

"भाजी आणाले," मी म्हणालो.